गिअरच्या बाजूचे ओरखडे

समजा, तुमच्यासमोर एक मोडकी मोटारसायकल उभी केली आहे. हातात टॉर्च दिलाय आणि सांगितलंय, ही आधी कुठल्या कुशीवर पडली ते सांगा. चालवणाऱ्याला विचारून उपयोग नाही, तो इस्पितळात आहे आणि त्याला काही आठवत नाही. रस्ता बघून उपयोग नाही, अपघातानंतर त्यावरून दुनियेची वाहतूक गेली आहे. तेव्हा गुडघ्यावर बसा. एका बाजूला सायलेन्सर आहे, दुसऱ्या बाजूला गिअरची लिव्हर आणि साइड स्टँड. ओरखडे दोन्हीकडे आहेत. आधीचे कुठले, नंतरचे कुठले? सावकाश बघा, पण उत्तर द्यावंच लागेल. त्या उत्तरावरून कोणाला भरपाई मिळायची आणि कोणाला नाही हे ठरणार आहे.

हे काम ती रोज करते. अपघातातल्या गाड्या जिथं आणून ठेवतात त्या आवारातले लोक तिला तोंडावर मॅडम म्हणतात आणि पाठीमागे ओरखडेबाई. तिला दोन्ही माहीत आहे. दुसरं जास्त आवडतं, निदान त्यात तिचं काम तरी आहे. विमा कंपन्यांसाठी ती गाड्या तपासते. काय मोडलं, कशानं मोडलं, दुरुस्त होईल की भंगारात जाईल, आणि माणसं जे सांगतात ते गाडीवरच्या खुणांशी जुळतं का. ती कंपनीची नोकर नाही. कंपनी बोलावते, ती रिपोर्ट देते, तेवढ्याची फी घेते.

ऑटोमोबाइलच्या डिप्लोमाला वर्गात ती एकटीच मुलगी होती. पहिल्या वर्षी कार्यशाळेतले सर तिला हजेरी घ्यायला बसवायचे. "हात कशाला काळे करतेस?" दुसऱ्या वर्षी तिनं हजेरी एका आळशी मुलाच्या गळ्यात घातली आणि स्वतः इंजिनाखाली शिरली. नोकरी लागली तीही सर्व्हिस सेंटरच्या स्वागतकक्षात. ग्राहकाला खुर्ची द्यायची, चहा विचारायचा, किल्ली घ्यायची. काचेपलीकडे गाड्या उघडल्या जायच्या आणि ती इकडून मान वाकडी करून बघायची. एकदा एक गृहस्थ सांगत होते, गाडी दारात उभी होती आणि कोणीतरी घासून गेलं. ती किल्ली घेता घेता म्हणाली, "उभ्या गाडीला असा दाराच्या हँडलच्या उंचीवरून खाली उतरत जाणारा ओरखडा कसा येईल? तुम्ही वळताना भिंतीला लागली असेल." गृहस्थ तडकले, मॅनेजरनं तिला झापलं. पण विमा कंपनीसाठी गाड्या तपासायला तिथं आलेले एक म्हातारे सर्व्हेअर हसत सुटले. "पोरी, इथं चहा विचारत काय बसलीस? सर्व्हेअरची परीक्षा दे." तिनं दिली.

लग्न ठरलं तेव्हा सासूबाईंनी विचारलं होतं, "मुलगी करते काय?"

"गाड्यांवरचे ओरखडे बघते," मध्यस्थ म्हणाला.

"नुसती बघते? पुसत नाही?"

आता सासूबाईंनाही सवय झाली आहे. फक्त स्वयंपाकघरात तिनं भांडं उजेडाकडे धरलं की त्या सावध होतात. "आई, तुम्ही परत तारेची घासणी वापरलीत." "झालं! बाहेरचे सर्व्हे संपले, आता माझ्यावर सुरू. नाव नोंदव माझं, दोषी म्हणून."

कामाला लागल्यावर पहिल्या काही महिन्यांतच तिला कळलं की कारची फाइल आणि मोटारसायकलची फाइल दिसायला सारख्या असल्या तरी आतून वेगळ्याच असतात. कार ठोकली की पत्रा चेमटतो, काच फुटते, एअरबॅगचा फुगा फुगून वर येतो आणि आतला माणूस बहुतेक वेळा दार उघडून स्वतः बाहेर येतो. खर्च गाडीवर असतो. मोटारसायकलची गोष्ट उलटी. गाडीचा आरसा आणि हेडलाइट जातो, आणि माणूस सहा महिने अंथरुणाला खिळतो. म्हणून कारची फाइल गॅरेजमध्ये मिटते आणि मोटारसायकलची इस्पितळातून कोर्टात जाते.

कारवाला बहुधा पूर्ण विमा काढतो. चूक त्याची असली तरी त्याचा पत्रा सरळ होऊन येतो. मोटारसायकलवाला कायद्याला लागतो तेवढाच काढतो, म्हणजे त्याच्यामुळे दुसऱ्या कोणाचं नुकसान झालं तर ते भरायला. स्वतःच्या हाडांसाठी त्यात फारसं काही नसतं. त्याला पैसे मिळायचे तर समोरच्याची चूक होती हे दाखवावं लागतं आणि समोरच्याच्या विमा कंपनीकडे मागावं लागतं. आणि दाखवायचं कोणी? कारवाला जागेवरूनच फोन लावतो, चार फोटो काढतो, त्याच दिवशी जबाब देतो. मोटारसायकलवाला तेव्हा स्ट्रेचरवर असतो. त्याचं म्हणणं फाइलमध्ये येतं तोवर दुसऱ्याचं म्हणणं वाचून सगळ्यांचं मत झालेलं असतं.

फरशीवाल्याचं तसंच झालं होतं.

तो फरशा बसवायचा. सकाळी कामावर निघाला होता. एका गल्लीच्या तोंडातून कार बाहेर वळली आणि तो तिच्या पुढच्या चाकावर आदळला. उजवा गुडघा असा फुटला की डॉक्टरांनी सांगितलं, चालता येईल, पण गुडघा टेकून बसणं विसरायचं. आता फरशी बसवणाऱ्यानं गुडघा टेकायचा नाही म्हणजे काय, हे ज्यानं कोणाला फरशी बसवताना पाहिलंय त्याला सांगायला नको. त्याला अपघातातलं काहीच आठवत नव्हतं. घरातून निघालो, कोपऱ्यावर पेट्रोल भरलं, आणि मग इस्पितळाचं छत.

कार औषधांच्या दुकानाचे मालक चालवत होते. साठीचे, शांत गृहस्थ. त्यांचा जबाब स्वच्छ होता. मी थांबलो, दोन्हीकडे पाहिलं, रस्ता मोकळा होता, निघालो. तेवढ्यात मोटारसायकल रस्त्यावर आडवी घसरत आली आणि माझ्या गाडीला लागली. म्हणजे तो आधीच पडला होता. वेगात असणार, ब्रेक दाबला असणार, घसरला असणार.

हे औषधवाले ज्या कंपनीचे विमेदार होते, त्या कंपनीनं ओरखडेबाईला बोलावलं. कार तोवर दुरुस्त होऊन त्यांच्या घरी गेली होती, नवा बंपर, नवं मडगार्ड, जुने भाग भंगारात. फोटो होते, पण अगदी जवळून काढलेले, त्यात धडक किती उंचीवर बसली ते कळत नव्हतं. मोटारसायकल मात्र होती तशी आवारात पडून होती, कारण तिचे पैसे कोण देणार हे ठरलं नव्हतं. निळी, जुनी, सीटला चिकटपट्टी लावलेली. पुढचं चाक मागे इंजिनात घुसून अडकलेलं. चाकाला धरणारा फोर्क मागे आणि थोडा बाजूला वाकलेला, आणि असा तो गाडी उभी धडकली तरी वाकतो, आडवी घसरत येऊन धडकली तरी. सायलेन्सरच्या बाजूला रस्त्यावर घासल्याच्या लांब खुणा होत्या. गिअरच्या बाजूलाही ओरखडे होते, इंजिनाच्या कव्हरवर, लिव्हरवर, हँडलच्या टोकाला.

दोन्ही बाजूंना ओरखडे असले तर गाडी दोनदा पडलेली असते. ती आधी गिअरच्या बाजूवर पडली, घसरत गेली, कारला लागली, उलटली आणि सायलेन्सरच्या बाजूवर थांबली. औषधवाल्यांचं म्हणणं जुळत होतं. ओरखडेबाईनं तसं लिहून दिलं.

कंपनीच्या क्लेम विभागाचे साहेब खूश झाले. "बघा, मी म्हणत नव्हतो? मोटारसायकलवाला म्हटल्यावर उडवत आलाच असणार." मग त्यांनी नेहमीचं विचारलं, "हेल्मेट होतं का?"

"होतं. पण गुडघा फुटलाय त्याचा, साहेब. हेल्मेट गुडघ्याला बांधतात का?"

"तसं नाही हो, विचारायची पद्धत आहे. कारवाल्याला आपण बेल्ट विचारतोच की."

"पाय मोडला तर विचारत नाही."

साहेब हसले आणि फाइल पुढे गेली. दोषाचा मोठा वाटा फरशीवाल्याच्या नावावर लागला. जेवढा दोष तेवढी भरपाई कापायची, या हिशेबानं त्याच्या हातात जे पडणार होतं त्यातून इस्पितळाचंही भागलं नसतं. त्याच्या वकिलानं ते नाकारलं आणि तडजोडीच्या बैठकीची तारीख पडली.

बैठकीच्या आधीच्या आठवड्यात ओरखडेबाई आवारात एका टेम्पोखाली पुठ्ठा टाकून आडवी झाली होती. तेवढ्यात फाटकातून पिकअप आली. रस्त्यावरच्या मोडक्या गाड्या उचलून आणायचं काम हा पिकअपवाला कित्येक वर्षं करतोय. त्यानं मागचा फाळका पाडला, फळी लावली आणि आतली स्कूटर खेचायला लागला. स्कूटर आडवी होती. पत्र्यावरून करकर आवाज करत ती फळीवर आली.

ओरखडेबाई पुठ्ठ्यावरून उठली. "अहो, ती अशी आडवी का आणलीत?"

"पुढचं चाक फिरत नाही मॅडम. मग काय कडेवर घेऊ?"

"सगळ्या अशाच आणता?"

"चाक फिरत असलं तर उभी बांधतो. जाम असलं तर आडवी. उभी ठेवली तर वळणावर डोक्यात येते माझ्या."

"आणि कुठल्या कुशीवर ठेवता?"

पिकअपवाल्यानं तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिनं पाणी कुठून पितात असं विचारलंय. "सायलेन्सर वर. नेहमी सायलेन्सर वर. तापलेला असतो ना, खाली दबला तर खालून घेतलेला दोर जळतो. एकदा जळला होता, गाडी रस्त्यात पडली आणि मालक माझ्या मागे धावला."

"पण आधी असे ओरखडे कधी नव्हते तुमच्या गाड्यांना."

"आधी खाली रबराची जाड चटई होती ना. ती नेली कोणीतरी. एवढी घाणेरडी चटई, तेलानं माखलेली! चोराला काय सुख लागलं असेल, देव जाणे. नवी घेईन घेईन म्हणतोय."

ती हौद्यात चढली. खाली नक्षीचा पत्रा होता, पाय घसरू नये म्हणून त्यावर उंचवटे असतात तसला, हिरवा रंग दिलेला. उंचवट्यांवरचा रंग घासून गेला होता. तिनं फाइलच्या खिशातला पातळ कागद पत्र्यावर पसरला आणि पेन्सिल आडवी धरून घासली. कागदावर उंचवट्यांची ओळ उमटली, सगळे एकमेकांपासून सारख्या अंतरावर.

"मॅडम, गाडीचा पण सर्व्हे?" पिकअपवाला खालून म्हणाला. "माझा विमा संपलाय हां, आधीच सांगतो."

ती कागद घेऊन निळ्या मोटारसायकलकडे गेली. गिअरच्या बाजूला बसली. मागच्या वेळी तिनं बसून पाहिलं होतं, या वेळी आणखी काय बघायचं, असं तिलाही वाटलं. मग टॉर्च आडवा धरला. रस्त्यावरचे ओरखडे लांब असतात आणि त्यांच्यात खडीचा चुरा रुतलेला असतो. सायलेन्सरच्या बाजूला तसेच होते. इथले आखूड होते, टप्प्याटप्प्यानं, कागदावरच्या ओळीसारखेच सारख्या अंतरावर. नखानं खरवडलं तर नखावर हिरवा कण आला. आणि मग तिनं लिव्हर पाहिली. लिव्हरवर ओरखडा होता, पण लिव्हर सरळ होती. पाय ठेवायची दांडी सरळ होती. चालती गाडी ज्या कुशीवर पडते त्या कुशीची लिव्हर आधी वाकते. हे तिनं शिकाऊ पोरांना किती वेळा सांगितलं होतं. त्या दिवशी तिनं ओरखडा पाहिला आणि लिव्हर वाकलीय का ते बघायचं राहिलं.

"ही निळी तुम्हीच आणलीत का?" तिनं ओरडून विचारलं.

"हो तर! तिचं चाक असं अडकलं होतं, चौघं लागलो आम्ही. आणि मी पोचायच्या आधीच लोकांनी तिला उचलून कडेला लावली होती. लोकांना लई हौस. कारला कोणी हात लावत नाही, मोटारसायकल दिसली की चला उचला."

चटई गेल्यानंतर त्यानं आणलेल्या आणि तिनं तपासलेल्या मोटारसायकली ओरखडेबाईनं एकेक करून आठवल्या, जाऊन पाहिल्या. बाकीच्यांची चाकं फिरत होती, त्या उभ्या आल्या होत्या. चुकलेला रिपोर्ट एकच होता.

घरी आल्यावर तिनं भांडी न बघताच जागेवर लावली. सासूबाईंनी दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा विचारलं, "काय गं, आज भांडी उजेडात धरली नाहीस. बरं नाही का?"

तिनं सगळं सांगितलं. सासूबाई भाजी निवडत ऐकत होत्या.

"म्हणजे तो माणूस पडला नव्हता. तू त्याला पाडलंस."

"आई!"

"मग काय म्हणू? आणि आता रिपोर्ट बदललास तर तुला परत काम देतील?"

"कमी देतील. कदाचित देणार नाहीत."

"तुझ्या नवऱ्याला सांगितलंस?"

"त्याला म्हटलं, तर तो म्हणाला, तुला पटेल ते कर."

"तो लहानपणापासून असाच आहे. परीक्षेत पण दोन्ही उत्तरं लिहून यायचा." सासूबाईंनी देठ तोडला. "मला ते विम्याचं कळत नाही. पण मी घासणीनं भांडं खराब केलं, तर तू मला सोडत नाहीस. एवढं मात्र कळतं."

दुसऱ्या दिवशी ती क्लेमसाहेबांसमोर बसली. कागदाचा ठसा, कव्हरचे नवे फोटो, सरळ लिव्हरचा फोटो टेबलावर मांडला. साहेबांनी फोटो पाहिले, मग तिच्याकडे पाहिलं, मग दार लावून घेतलं.

"बाई, रिपोर्ट म्हणजे काय भाजीची पिशवी आहे, घरी जाऊन बदलून आणायला?"

"किडकी निघाली तर बदलूनच आणते मी."

"तुम्हाला फी कोण देतं?"

"तुम्ही. बरोबर सांगायची."

"बरोबरच सांगितलं होतं की! सही आहे तुमची. आता त्यांचा वकील विचारेल, या बाईचं पहिलं खरं मानायचं का दुसरं. दोन्हीकडून तुमचीच फजिती. मी तुमच्या भल्याचं सांगतोय."

"विचारू दे. लिव्हर दाखवीन."

साहेबांनी फोटो परत एकदा उलटून पाहिले. माणूस वाईट नव्हता. वर्षाअखेरीस त्यांनाही कोणासमोर तरी बसून फाइली मोजून दाखवाव्या लागत. शेवटी म्हणाले, "द्या पुरवणी रिपोर्ट. द्यावाच लागेल, आता मला कळलंय म्हटल्यावर. पण एक सांगतो, तुमचं नाव आमच्या यादीत वर होतं."

"होतं?"

"होतं."

तडजोडीच्या बैठकीची खोली लहान होती. लांब टेबल, एक पंखा, आणि भिंतीला पोपडे. फरशीवाला काठी टेकत आला आणि बसायच्या आधी त्यानं खाली पाहिलं. "फरशीची लेव्हल गेलीय," तो बायकोला हळूच म्हणाला. बायको म्हणाली, "तुम्ही बसा आधी. लेव्हल नंतर बघा."

ओरखडेबाईनं आपलं म्हणणं मांडलं. पहिला रिपोर्ट चुकला, का चुकला, गाडी आडवी कोणी ठेवली, कशावर ठेवली. गिअरच्या बाजूच्या खुणा पिकअपमधल्या आहेत, रस्त्यावरच्या नाहीत. रस्त्यावर गाडी एकदाच पडली, सायलेन्सरच्या बाजूवर, आणि ती धडकेनंतर. त्या बाजूच्या खुणा धडकेत वाकलेल्या फोर्कवरही सलग गेल्या आहेत, म्हणजे फोर्क आधी वाकला आणि मग रस्त्याला घासला. धडकेच्या वेळी गाडी उभी होती.

फरशीवाल्याच्या वकिलाला बोलायचं होतं, पण फरशीवालाच मधे बोलला. "म्हणजे मी आधी पडलो नव्हतो?"

"नाही."

"मी तर हिला सांगितलं होतं, मी घसरलो म्हणून." त्यानं बायकोकडे पाहिलं. "सगळे म्हणायला लागले की तू आडवा होऊन गेलास, तर मला पण तसंच आठवायला लागलं. रस्ता ओला होता असं पण आठवत होतं."

"ओला कुठे होता!" बायको म्हणाली. "मी कितीदा सांगितलं, त्या दिवशी धुणं दुपारच्या आत वाळलं होतं. तर म्हणे तुला काय कळतंय. चार महिने ऐकतेय मी, माझीच चूक, माझीच चूक. रात्री झोपेत पण."

वकिलानं घसा साफ केला. पुढचं बोलणं आकड्यांचं झालं. दोषाचा मोठा वाटा औषधवाल्यांकडे गेला, म्हणजे त्यांच्या कंपनीकडे. थोडा फरशीवाल्याच्या नावावर राहिलाच. त्याचा वेग किती होता हे कोणालाच माहीत नव्हतं, आणि क्लेमसाहेब म्हणाले, "मोटारसायकल होती ना, थोडा तरी वेग असणारच." कारच्या वेगाबद्दल असं कोणी म्हणालं नाही. ओरखडेबाईनं तोंड उघडलं, पण वकिलानं मान हलवून तिला थांबवलं. फरशीवाल्याला हे मान्य होतं. त्याला आणखी एक तारीख नको होती.

बाहेर पडताना तो तिच्यापाशी थांबला. "आता भिंतीच्या टाइल्स लावणार. उभ्यानं होतात."

"आणि खालच्या ओळी?"

"खालच्या दोन आमची ही लावणार. शिकवतोय. हात बरा आहे, फक्त ऐकत नाही."

"माझी लेव्हल बरोबर येतेय, मग ऐकायचं कशाला," बायको म्हणाली, आणि दोघं जिन्याकडे गेले. तो एकेक पायरी बाजूनं उतरला.

औषधवाले व्हरांड्यात बाकावर बसले होते. त्यांच्या खिशातून काही जाणार नव्हतं, कंपनी भरणार होती. तरी ते उठले नाहीत. ओरखडेबाई जवळून जायला लागली तेव्हा म्हणाले, "मी खोटं बोललो असं वाटतं का तुम्हाला?"

"नाही, काका."

"मी थांबलो होतो. दोन्हीकडे पाहिलं होतं. रस्ता मोकळा होता. मग आवाज झाला आणि ती समोर आडवी. आडवी दिसली म्हणजे आडवीच आली असणार, असं वाटलं हो. त्याच्या आधी ती नव्हतीच तिथं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "त्या गल्लीतून मी वीस वर्षं गाडी काढतोय."

ओरखडेबाईला राहवलं नाही. "तिथं एकदा जाऊ या का? तुमच्या गाडीतून?"

ते तिला घेऊन गेले. गल्लीच्या तोंडाशी गाडी उभी केली. तिनं आधी त्यांच्या जागी बसून पाहिलं. पुढच्या काचेच्या कडेला गाडीचाच जाड खांब होता, त्याच्या आड दूरवरची मोटारसायकल मावत होती, कार मावत नव्हती. तिला वाटलं, सापडलं. पण मान जराशी पुढे केली की खांब सरकत होता, आणि काका सांगत होते की त्यांनी मान पुढे केली होती. मग तिनं त्यांना त्यांच्या जागी बसवलं आणि स्वतः शेजारी बसली.

"काका, त्या दिवशी पाहिलंत तसं पाहा. निघायच्या वेळी पाहतात तसं. आणि काय काय दिसलं ते मला सांगा."

काकांनी एकीकडे पाहिलं, दुसरीकडे पाहिलं, पुन्हा पहिल्या बाजूला पाहिलं. मनापासून पाहिलं. चष्मा पुसलेला होता. "एक बस गेली," ते म्हणाले. "मागे पांढरी कार. पलीकडे एक बाई पिशवी घेऊन उभी. मग रिकामं."

"आणि मोटारसायकल?"

"कुठली मोटारसायकल?"

बस आणि पांढऱ्या कारच्या मधून एक लाल मोटारसायकल गेली होती. दिवसाउजेडी, दिवा लावून, खांबाच्या आड नाही, अगदी काचेच्या मधोमध. ओरखडेबाईनं ती येताना पाहिली होती आणि जाताना पाहिली होती. तिनं काकांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ते तिच्या उत्तराची वाट बघत होते.

पुरवणी रिपोर्टला आता बरेच दिवस झाले. त्या कंपनीचं काम कमी आलं, दुसऱ्या दोन कंपन्यांचं थोडं वाढलं, पिकअपवाल्यानं नवी चटई घेतली. ओरखडेबाई अजून गाड्यांपुढे बसते आणि आता लिव्हर आधी बघते. गाडीवर ज्याची खूण उमटते ते तिला वाचता येतं. पण डोळ्यांवर तर ओरखडा उमटत नाही. मग समोरून, उजेडात, काचेच्या मधोमध गेलेली मोटारसायकल त्या डोळ्यांत कुठे हरवते, आणि तिथल्या दोषाचा वाटा कोणी, कसा मोजायचा?